कारंज्यातून हलवलेले जर्मनीतले बिऱ्हाड

बदलीगुरुजी कोणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे पाहत नसत. दाराच्या चौकटीकडे पाहत. उंबरठ्यावर थांबायचे, चौकटीला उजव्या हाताची वीत लावायची, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटायचे, मग आत डोकावून कपाट, दिवाण, फ्रिज अशा मोठ्या वस्तूंवरून नजर फिरवायची आणि हे सारे आटोपल्यावर यजमानाला नमस्कार करायचा, असा त्यांचा क्रम होता. एकदा आमच्या गल्लीत एका वृद्ध गृहस्थांचे निधन झाले. भेटायला गेलेले गुरुजी बराच वेळ मान खाली घालून बसले. घरच्यांना वाटले, यांना फारच लागले आहे. शेवटी त्यांनी मान वर केली आणि मृताच्या मुलाला हलक्या आवाजात म्हणाले, "भाऊ, हा दिवान आडवा निघत नाही बरं. चौकट काढा लागन."

मुलाने हात जोडले. तेरावे उरकल्यावर त्याने दिवाण बाहेर काढला, तेव्हा तो आडवा, सहज आणि कुठेही न घासता निघाला. ही बातमी गुरुजींच्या कानावर घालण्यात आली. ते क्षणभरही विचलित झाले नाहीत. "हिवाळ्यात लाकूड आकसते," ते म्हणाले. "पावसाळ्यात काढला असता तं कळलं असतं."

त्यांचे खरे नाव गल्लीत कोणी घेत नसे. लग्नपत्रिकासुद्धा 'श्री. बदलीगुरुजी' या नावाने येत. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक असल्यामुळे त्यांच्या बदल्या झाल्या हे खरे, पण त्या माझ्याही झाल्या. मीही त्याच खात्यात आयुष्य काढले आणि निवृत्तीनंतर कारंजा शहरात त्यांच्याच भिंतीला भिंत लावून राहिलो. आमच्यात फरक असा की मी बदली भोगली आणि त्यांनी तिचा अभ्यास केला. वाशीम जिल्ह्यातल्या कोणत्या गावाच्या कोणत्या बोळात ट्रॅक्टरची ट्रॉली वळते आणि कोणत्या बोळात बैलगाडी लावावी लागते, हे त्यांना पाठ होते. कोणाही कर्मचाऱ्याच्या हाती बदलीचा आदेश पडला की तो आधी बायकोला सांगे आणि मग गुरुजींना; काही जण हा क्रम उलटाही करत. गुरुजींना देवाघरी जाऊन आता वर्ष उलटले आहे. गल्लीत नवे कपाट आले की हमाल अजूनही दारात थबकतात आणि आपल्याला कोणी अडवत कसे नाही, म्हणून इकडेतिकडे पाहतात.

त्यांचे मुख्य सूत्र एकच होते. "जे आधी लागते ते शेवटी चढते." वाचकांसाठी याचा खुलासा करतो. नव्या घरी पोहोचल्यावर सर्वप्रथम चहा लागतो, म्हणून स्टोव्ह, पातेले आणि साखर सर्वांत शेवटी गाडीत चढवायची. म्हणजे ती सर्वांत आधी खाली येतात. सूत्र निर्दोष आहे. दोष असलाच तर तो गुरुजींच्या हातात होता, कारण ते सामान फार घट्ट बसवत. आसेगावहून शिरपूरला निघालेल्या आमच्या एका सहकाऱ्याची ट्रॉली त्यांनी अशी काही भरली की ती शिरपूरला रिकामीच होईना. ट्रॉलीच्या तोंडाशी पलंग असा अडकला होता की त्याच्यामागची शिडी काढल्याशिवाय तो निघत नव्हता आणि तो निघाल्याशिवाय शिडी निघत नव्हती. स्टोव्ह त्या दोघांच्या मधोमध, डोळ्यांना दिसत होता, पण हाताला लागत नव्हता. सुतार येईपर्यंत ते कुटुंब शिरपुरात या घरी जेवले, त्या घरी झोपले. नंतर मी गुरुजींना याबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, "मंग? कोनाची ओळख राह्यली का गावात व्हाची?"

प्राजक्ता ही त्यांची एकुलती एक मुलगी. आई गेल्यानंतर तिला गुरुजींनीच वाढवले. ती शिकली, पुण्याला नोकरीला लागली, लग्न करून जर्मनीत लायपझिग नावाच्या शहरी गेली. या दोन्ही स्थलांतरांत गुरुजींचे बोटही लागले नाही. दोन्ही वेळा त्यांनी दोरी काढून ठेवली होती आणि दोन्ही वेळा तिने फोनवर सांगितले होते, "बाबा, तुमी कायले त्रास घेता? कंपनीवाले करतेत सारं." साऱ्या जिल्ह्याची बिऱ्हाडे ज्याने हलवली, त्याच्या पोटच्या पोरीचे बिऱ्हाड परक्यांनी हलवावे, हे त्यांना किती लागले असेल, ते त्यांनी बोलून दाखवले नाही. एवढेच की 'कंपनी' हा शब्द त्यांच्यासमोर कोणी काढला की ते उठून पाणी प्यायला जात.

मग एका रविवारी तिचा फोन आला. जावयांना, म्हणजे निखिलरावांना, डेन्मार्कमध्ये ओडेन्स येथे नोकरी लागली होती. ते आधीच तिकडे रुजू झाले होते. एका शनिवारी ते भाड्याची मोठी व्हॅन घेऊन लायपझिगला येणार, सामान भरणार आणि त्याच दिवशी निघणार, असे ठरले होते. नव्या कंपनीने सामानाच्या बाबतीत हात वर केले होते. त्यात निखिलरावांच्या कमरेला डॉक्टरांनी पट्टा बांधलेला. हे सर्व सांगून प्राजक्ता म्हणाली, "बाबा, मले काहीच सुचून नाही राह्यलं. कसं करू?"

गुरुजींनी फोन ठेवला आणि ते माझ्या घरी आले. त्या दिवशी त्यांनी माझ्या दाराच्या चौकटीकडे पाहिले नाही. "सर," ते म्हणाले, "पोरीनं इचारलं."

त्यानंतर रविवारचा फोन रोजचा झाला. गुरुजींनी प्राजक्ताकडून घरातल्या प्रत्येक वस्तूचे माप मागवले आणि जर्मनीची बदली कशी चालते याची माहिती घेतली. काही बाबतींत त्यांनी त्या देशाची पाठ थोपटली. घर सोडताना तिथल्या नगरपालिकेत जाऊन 'आम्ही निघालो' अशी नोंद करावी लागते, हे ऐकून ते म्हणाले, "म्हंजे कार्यमुक्ती. बराबर हाय. कार्यमुक्त झाल्याबिगर मानूस रुजू कसा होईन?" गाडी लावण्यासाठी रस्त्यावर आधी पाटी ठेवून जागा राखता येते, हे कळल्यावर तर ते दिवसभर खुशीत होते. सरहद्दीने मात्र त्यांना अस्वस्थ केले.

"नाका कुठी लागते?"

"कधी कधी थांबवतेत, बाबा. नाही तं गाडी तशीच जाते."

"तशीच? मंग देश बदलला हे कळन कोनाले?"

"पाट्या बदलतेत."

"पाट्या तं बाजूच्या मंगरूळलेही बदलतेत," गुरुजी म्हणाले.

पण सर्वांत मोठा धक्का स्वयंपाकघराचा होता. तिथे पुष्कळदा भाडेकरू ओटा, कपाटे, नळाखालचे भांडे हे सगळे आपले आपण लावतो आणि जाताना उखडून सोबत नेतो, असे प्राजक्ताने सांगितले. गुरुजींनी मला हाक मारून बोलावले, फोन माझ्या कानाला लावला आणि तेच वाक्य मलाही ऐकायला लावले. मी खात्री दिल्यावर ते खाटेवर बसले. "सर, इतक्या बदल्या केल्या," ते म्हणाले, "पन ओटा चढवाची पाळी कवा आली नाही." आणि त्यांच्या चेहऱ्यावर, खोटे कशाला सांगू, मोठे सुख होते.

एवढ्यावर ते थांबले असते तर ते बदलीगुरुजी कसले! रंगीत तालीम घेतल्याशिवाय गाडी भरायची नाही, असे त्यांनी जाहीर केले. व्हॅन जर्मनीत, सामान जर्मनीत, आणि तालीम कारंज्यात. धान्याच्या एका रिकाम्या गोदामासमोरचे पटांगण त्यांनी मिळवले. खो-खोचे मैदान आखतात तशी जमिनीवर फक्की टाकून व्हॅनचा लांबरुंद चौकोन आखला. टेम्पोवाले रफिकभाई हे गुरुजींचे जुने साथीदार. त्यांनी तो चौकोन पायांनी मोजून पाहिला आणि मान हलवली. "गुरुजी, ये तं अपने टेम्पोसे लंबी हाय. इतल्या मोठ्या गाडीत तं आदमी बेपर्वा होते."

"म्हनूनच तालीम," गुरुजी म्हणाले.

मग सामानाची जमवाजमव झाली. ओट्यासाठी गोदामातल्या फळ्या आल्या. वॉशिंग मशीन म्हणून तुरीचे भरलेले पोते आले. सोफा म्हणून समोरच्या नलूकाकूंचा दिवाण मागण्यात आला. नलूकाकूंनी तो दिला, पण स्वतः त्यावर बसूनच दिला. "माहा दिवान मी नजरेआड करत नाही," असे त्यांचे म्हणणे होते. त्यामुळे सोफा प्रत्येक वेळी काकूंसकट चढवावा आणि काकूंसकट उतरवावा लागला. "वजनाचा अंदाज येते," गुरुजींनी हमालांची समजूत घातली, आणि त्यावर नलूकाकू बोलायच्या त्या बोलल्याच.

फ्रिजचा प्रश्न राहिला. गुरुजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"सर, तुमी फ्रिज व्हा."

"मी?"

"फ्रिज आडवा नेला तं बिघडते. उभाच न्या लागते. बाकी कोन इतका वेळ उभं राहीन? तुमी जनमभर वर्गात उभे राह्यले."

मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. माझे विद्यार्थी या शहरात दुकाने चालवतात. तरीही त्या दिवशी रफिकभाई आणि गल्लीतल्या तिघांनी मला कमरेला आणि पोटऱ्यांना धरून उभ्याउभ्या उचलले आणि पटांगणातून चौकोनाकडे नेले. वाटेत एक खळगा होता. मी तो दाखवू लागलो, तेव्हा गुरुजी कडाडले, "सर! फ्रिज बोलत नाही!" मला गादी आणि तुरीचे पोते यांच्या मध्ये ठेवून छातीवरून दोरी घेण्यात आली. हलणार नाही अशी ती गाठ मारली होती, हे मी अनुभवाने सांगतो.

सगळे सामान बसले. ओटा शेवटी चढला, त्याच्या पुढ्यात चहाचे साहित्य. नलूकाकू दिवाणावर बसून स्वतःला पदराने वारा घालत होत्या. गुरुजींनी प्राजक्ताला फोन लावून त्याचा डोळा आमच्याकडे केला आणि छडीने एकेक वस्तू दाखवत समजावून सांगितले. सोफा कोणी धरायचा, पोते, म्हणजे मशीन, कोणत्या दोघांनी घ्यायचे, फ्रिजला चौघे कसे लागतात. प्राजक्ता आधी पोट धरून हसली. मग ऐकत राहिली. मग म्हणाली,

"बाबा, सारं बराबर हाय. पन इथं उचलन कोन?"

"म्हंजे?"

"तुमच्यापाशी गल्ली हाय. इथं मी हाव, अन् तुमच्या जावयाची कंबर अशी."

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. गुरुजींनी वस्तूंची मापे मागवली, दारे मागवली, जिन्याची वळणे मागवली, पण उचलणारे कोण, हे विचारले नव्हते. ते विसरले नव्हते. तो प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. आमच्याकडे गाडी दारात उभी राहिली की माणसे आपोआप येतात. ज्याच्याशी भांडण आहे तोही येतो, निदान ओटा कसा चढतो ते पाहायला येतो. माणसे बोलवावी लागतात असे त्यांच्या बदल्यांच्या अभ्यासात कुठेच आले नव्हते.

"शेजारी?" त्यांनी विचारले.

"बाबा, वरच्या मजल्यावर कोन राह्यते ते बी मले धड माहीत नाही. जिन्यात भेटलं तं हॅलो म्हनतो. खालचे एक म्हातारे हायत, मी मसाला कुटला की जिन्यात चिठ्ठी लावतेत."

गुरुजींनी फोन बंद केला आणि ते फक्कीच्या चौकोनातच खाली बसले. कोणी बोलेना. मी बोलू शकलो असतो, पण मी अजून फ्रिज होतो. मला सोडवायचे सर्वांच्याच लक्षातून गेले होते. फक्कीची रेघ बोटाने पुसत ते म्हणाले, "चार वर्सं झाली तिले तिथं. चार वर्सं. अन् एक मानूस नाही? रातबेरात काही झालं तं पोरगी आवाज कोनाले देत असन?"

त्यानंतर दोन दिवस ते सामानाविषयी बोललेच नाहीत. रफिकभाईंनी पटांगणातल्या फळ्या आपण होऊन परत केल्या. तिसऱ्या दिवशी गुरुजींनी प्राजक्ताला फोन केला आणि सांगितले, "गाडी-बिडी मंग. पयले सांगनं करा लागते."

सांगणे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. बिऱ्हाड हलायच्या आधी घरातल्या माणसाने घरोघर जाऊन 'आम्ही निघालो' असे सांगायचे. रिकाम्या हाताने जायचे नाही. काही तळलेले, भाजलेले ताटलीत न्यायचे. मदत मागायची नाही. वडीलधाऱ्याला तर 'उचलायला या' असे कधीच म्हणायचे नाही. फक्त 'उभे राहा' म्हणायचे. उभा राहिलेला माणूस किती वेळ नुसता उभा राहील, हे त्याच्यावर सोडायचे.

"लोकं घाबरतीन, बाबा," प्राजक्ता म्हणाली. "इथं न कळवता कोनी कोनाचं दार वाजवत नाही."

"मंग मी वाजवतो."

"तुमी?"

"तू फोन धर. शंकरपाळे कर, ताटलीत घे, अन् फोन धर."

असे ते सांगणे झाले. एका शनिवारी दुपारी, म्हणजे तिकडे सकाळी, गुरुजी धुतलेला सदरा आणि टोपी घालून आपल्या ओसरीवर बसले. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. मागे सतरंजीवर आम्ही. फोनमध्ये एक स्वच्छ जिना दिसला, मग एक दार, मग चष्मा लावलेले उंच, आंबट चेहऱ्याचे एक वृद्ध गृहस्थ. हेच ते चिठ्ठीवाले.

गुरुजींनी हात जोडले. "राम राम. मी हिचा बाप. चार वर्सं माह्या पोरीनं तुमच्या डोक्यावर मसाला कुटला, तुमी सहन केलं. आता ते चालली. चुकभूल पोटात घाला. पुढच्या शनवारी सामान निघून राह्यलं. तुमी मोठे हा. उभे राहा."

प्राजक्ताने जर्मनमध्ये काहीतरी सांगितले. ते फार लवकर संपले.

"इतकंच?" गुरुजी म्हणाले. "मी तं लय बोललो."

"तेवढ्यात बसते, बाबा."

"चुकभूल आली का त्याच्यात?"

"आली."

"अन् उभे राहा?"

प्राजक्ता थोडी घुटमळली आणि तेही बोलली. वृद्धाने ताटलीतला एक शंकरपाळा उचलला, दोन्ही बाजूंनी तपासला आणि खिशात घातला. मग फोनमधल्या टोपीकडे पाहिले, टोपीमागच्या आम्हा सर्वांकडे पाहिले आणि दार लावून घेतले.

"झालं," नलूकाकू म्हणाल्या. "लावलं मेल्यानं दार."

"अंदर जाके पोलीसले फोन करून राह्यला असन," रफिकभाईंनी भर घातली.

दार पुन्हा उघडले. गृहस्थांच्या हातात मोजपट्टी होती. ते जिना चढून प्राजक्ताच्या घरापाशी गेले आणि त्यांनी तिच्या दाराच्या चौकटीला पट्टी लावली. मग मान वाकडी करून आतल्या कपाटाकडे पाहू लागले.

गुरुजी जागेवरच उठून उभे राहिले. त्यांच्या पायाचा धक्का लागून तांब्या कलंडला, फोन पडला आणि आम्हाला ओसरीचे आढे दिसू लागले. "अरे, हा तं आपला मानूस!" ते ओरडत होते. "पोरी, त्याले इचार, आडवं निघन म्हन्ते का उभं?"

उरलेल्या दारांवर तो वृद्धच प्राजक्ताच्या पुढे चालला. वरच्या मजल्यावरच्या एका नर्सबाईंनी ताटलीत निम्मे शंकरपाळे संपवून 'येते' म्हटले. त्यांच्या समोरच्या जोडप्याने दार अर्धेच उघडले, पण नाही म्हटले नाही.

पुढचा शनिवार कारंज्यात आमच्या गल्लीत सणासारखा उगवला. नलूकाकूंनी मोठ्या पातेल्यात चहा ठेवला, कारण चहा घेतल्याशिवाय हमाल फ्रिज उचलत नाही, हा नियम आहे. उचलणारे दुसऱ्या खंडात असल्यामुळे त्यांच्या वतीने तो आम्ही घेतला. प्राजक्ता फोन कधी खिडकीत, कधी व्हॅनपाशी ठेवत होती. निखिलराव कमरेला पट्टा बांधून आले आणि एका खोक्याला हात घालणार, एवढ्यात गुरुजींनी त्यांना थांबवले. "जावयबापू, तुमी बसा. पोरी, खुर्ची दे त्यायले." जावयाला हमाली करायला लावणे ही आमच्याकडे कल्पनेपलीकडची गोष्ट आहे. निखिलराव व्हॅनशेजारी रस्त्यावर टाकलेल्या खुर्चीवर बसले. सर्व राबत असताना हा धडधाकट दिसणारा तरुण बसून का आहे, असे खालच्या वृद्धाने विचारले. पट्टा दाखवून भागले असते, पण गुरुजींनी खरे कारण सांगण्याचा हट्ट धरला. "सांग त्याले, तो जावई हाय." प्राजक्ताने ते सांगितले. वृद्ध खुर्चीभोवती एक फेरी मारून आला, पण त्याला त्यात काही कारण दिसले नाही.

कपाटावरून दोन्ही म्हाताऱ्यांचे वाजले. गुरुजी 'आडवं' म्हणत होते, तो हाताने 'उभं' दाखवत होता. सुरुवातीला प्राजक्ता मध्ये पडून भाषांतर करत होती. नंतर तिने नाद सोडला आणि ते दोघे आपापल्या भाषेत थेट भांडू लागले. कोणालाही काही कळायचे राहिले, असे मला वाटले नाही. शेवटी कपाट तिरपे निघाले. दोघेही आपले खरे झाले, अशा मुद्रेने गप्प बसले. ओटा उखडताना सतरंजीवर एकही माणूस श्वास घेत नव्हता. तो व्हॅनमध्ये शेवटी चढला तेव्हा रफिकभाईंनी आरोळी ठोकली, "वा गुरुजी! ओटा भी गया!"

व्हॅनचे दार लागले. गाडी निघाली आणि प्राजक्ताने फोन मागच्या रस्त्याकडे वळवला. मागे रस्त्यावर एक खुर्ची तेवढी राहिली, कारण जावयाला उठवायचे कोणी, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नव्हता. ते उठले ते थेट गाडीत बसायलाच. खालचा वृद्ध ती खुर्ची बगलेत मारून घरात घेऊन गेला.

गल्ली पांगली. गुरुजी ओसरीवर बसून राहिले. मी उठू लागलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"सर, भरलं तं भरलं. उतरवन कोन?"

मी पुन्हा सतरंजीवर बसलो.

"आपल्याकडं गाडी नव्या गावात शिरली की लोकं पाहाले येतेत. कोन आलं, काय आनलं. तिथं येतीन ना?"

मी आयुष्यभर मुलांना खरे बोलायला शिकवले. "सांगता येत नाही, गुरुजी," मी म्हणालो.

"तिथं तं सांगनंही नाही झालं. तिथं कोन ओळखते तिले?"

दुसऱ्या दिवशी सतरंजी पुन्हा घातली गेली. कोणी बोलावले नव्हते, तरी आम्ही सगळे आलो. गाडी सकाळीच पोहोचल्याचा दोन ओळींचा निरोप प्राजक्ताने पाठवला होता. त्यानंतर काही नाही. दुपार गेली. नलूकाकूंनी चहा दोनदा उकळला आणि दोनदा निवला. रफिकभाई म्हणाले, "तुमीच लावा ना फोन." गुरुजींनी मान हलवली. "गाडी रिकामी होऊन राह्यली असन तं हात गुंतले राह्यतेत. अन् होत नसन..." जेवणाचे ताट त्यांनी तसेच झाकून ठेवले होते. रस्त्यावर भरलेली व्हॅन, कमरेला पट्टा बांधलेला जावई आणि जिला कोणी ओळखत नाही अशी त्यांची मुलगी, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभे होते, आणि ते आमच्याही डोळ्यांसमोर होते.

उन्हे उतरली तेव्हा फोन वाजला. गुरुजींनी तो उचलला. चित्र नव्हते, नुसता आवाज होता, आणि तो आधी प्राजक्ताचा नव्हताच. काहीतरी जड धाडकन टेकवल्याचा आवाज, कोणाचे तरी मोठ्याने हसणे, एका बाईचे अनोळखी भाषेतले भरभर बोलणे, ताटल्यांचा खणखणाट. मग धापा टाकत प्राजक्ता.

"बाबा, मी मंग बोलते. लोकं हायत घरात."

"अव, पन कोन..."

"शंकरपाळे घेऊन दारोदार गेली होती मी, गाडी उघडाच्या आधी. सांगते मंग. आता टाइम नाही, बाबा!"

फोन बंद झाला. गुरुजी त्याच्याकडे पाहत राहिले.

"काय म्हने?" नलूकाकूंनी विचारले.

"लोकं हायत म्हने घरात."

"कोन लोकं? किती? कपाटाचं काय झालं? इचारलं नाही तुमी?"

"इचारू कसं? बोलाले टाइम नाही तिले," गुरुजी म्हणाले. मग रफिकभाईंकडे वळून, जणू त्यांनी ऐकलेच नसावे, पुन्हा म्हणाले, "बोलाले टाइम नाही म्हन्ते." मलाही तेच सांगितले. पुढचा आठवडाभर, बाजारात भाजी घेताना, बसस्टँडवर, देवळाच्या पायऱ्यांवर, ज्याने ज्याने प्राजक्ताची खुशाली विचारली त्याला त्यांनी थांबवून, खांद्यावर हात ठेवून सांगितले की पोरीला आपल्याशी बोलायला अजिबात वेळ नाही. ऐकणारा हळहळे. गुरुजी टोपी सरळ करून पुढच्या माणसाकडे जात.